एकशेवीस-ऐंशी

दादा गेले तेव्हा त्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी होतं. निदान आमच्या घरात तसं सांगितलं जायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. भेटायला आलेलं माणूस दारात चपला काढतं न काढतं तोच आई सुरू व्हायची, "बीपी येकदम चांगलं व्हतं त्यांचं. येकशेवीस-ऐंशी. सिस्टरनं माज्यासमोर मोजलं." ऐकणारा मान हलवायचा. एवढं चांगलं बीपी असताना माणूस गेला म्हणजे वेळच आली होती, दुसरं काय, असं म्हणून चहा प्यायचा आणि उठायचा. बीपी म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्यापैकी फारसं कुणाला ठाऊक नसावं. मलाही नव्हतं. मी तेव्हा बारावीला होते.

दादा सायझिंगमध्ये कामाला होते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवण्याआधी सुताला खळ लावतात, तो कारखाना म्हणजे सायझिंग. त्या खळीचा आंबूस वास त्यांच्या शर्टाला, केसांना, टॉवेलला कायम असायचा. लहानपणी मी त्यांच्याजवळ झोपायला कुरकुर करायचे, तर ते मुद्दाम डोकं माझ्या नाकाशी आणायचे. एका दुपारी कामावर त्यांची छाती जड झाली, घाम फुटला. तिथल्याच माणसांनी त्यांना रिक्षात घालून भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. आई टेमघरच्या घरून धावतपळत पोचली तेव्हा सलाईन लागलेलं होतं. सिस्टरने तिच्यासमोर दादांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कानाला नळ्या लावल्या आणि म्हणाली, "एकशेवीस-ऐंशी. छान आहे. काही काळजी करू नका, तुम्ही घरी जाऊन या." दादा म्हणाले, येताना पेज आण. माझा काका तिथे होताच. म्हणून आई घरी आली.

मी कॉलेजातून आले तर ती चुलीपाशी उभी राहून पेज ढवळत होती आणि चक्क गुणगुणत होती. झाला प्रकार तिने मला सांगितला, पण शेवटापासून. आधी बीपी चांगलं हाय, मग दवाखाना, मग छातीत दुखलं. त्यामुळे मला भीती अशी वाटलीच नाही. डबा फडक्यात बांधताना तिने पेजेत आणखी थोडं तूप सोडलं. आम्ही दोघी रिक्षाने गेलो. खिडकीजवळच्या त्या खाटेवर चादर पार डोक्यावरून ओढलेली होती. काका बिडी ओढायला खाली उतरला होता. शेवटच्या वेळी दादांजवळ कुणीच नव्हतं.

आईने त्यानंतर घरात पेज केली नाही. आजारपणात मला खिचडी मिळायची. ती त्यांना सोडून घरी आली, हे तिला आतून कुरतडत होतं. पण तसं तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिने एक वाक्य धरून ठेवलं होतं. बीपी चांगलं होतं म्हणून मी उठले. त्या वाक्याच्या आधारावर ती उभी राहिली, गोडाऊनमध्ये कापडाच्या घड्या घालायला जायला लागली आणि तिने मला नर्सिंगला घातलं.

कोर्स मी ठाण्याला केला. बीपी कसं घेतात ते शिकले तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यात ऐकायचं असतं. पट्टा फुगवून दंडातली शीर बंद करायची, मग हळूहळू हवा सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके ऐकू येईनासे होतात तो खालचा. आमच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत इतकी शांतता असायची की मैत्रिणीच्या हातातला ठोका मला माझ्याच कानात उमटल्यासारखा वाटायचा. मला ते फार आवडायचं. दादांचा ठोकाही त्या दिवशी कुणीतरी असा ऐकला होता, असं मनात यायचं. शेवटचं त्यांचं कुणी काही ऐकलं असेल तर त्या सिस्टरने. मला तिचा हेवा वाटायचा.

कोर्स संपला, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं आणि नोकरी मात्र मिळेना. ठाणे, कल्याण, भिवंडी, सगळीकडे अर्ज टाकले. सगळे विचारायचे, अनुभव आहे का? नोकरीच दिली नाही तर अनुभव बाजारात मिळतो का, असं विचारायला माझी जीभ वळवळायची. एका ठिकाणी मी खरंच विचारलं. तिथून अर्थातच बोलावणं आलं नाही. घरी आईचे गुडघे सुजायला लागले होते. गोडाऊनमध्ये दिवसभर उभं राहून ती यायची आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसायची. तिचं ते काम मला बंद करायचं होतं, आणि त्यासाठी मला नोकरी हवी होती. बाकी सेवा-बिवा हे सगळं मी मुलाखतीत बोलायचे.

निजामपुऱ्यातल्या त्या नर्सिंग होममध्ये जागा आहे, हे मला कोर्सच्या मैत्रिणीकडून कळलं. मी घरी सांगितलं आणि लगेच म्हणाले, तिथे नको. मला तो जिना, ती खिडकी, काही बघायचं नव्हतं. पण आईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला.

"तितंच जा. चांगली माणसं हायत ती. न्हाय म्हनू नको."

"आई, दादा तिथेच गेले."

"तेंनी काय मारलं न्हाय त्यांना. बीपी किती चांगलं ठेवलं व्हतं," आई म्हणाली.

या वाक्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नसे. मी गेले.

खाली लूमचा गाळा आणि वर दवाखाना, असं ते नर्सिंग होम होतं. निजामपुऱ्यात हे कुणाला वेगळं वाटायचं नाही. लोक लूमच्या वर राहायचे, झोपायचे, लग्नं करायचे. जिना चढताना कठड्यावर हात ठेवला की कठडा थरथरायचा. त्या दिवशी दादांसाठी डबा घेऊन चढताना मला हे जाणवलं नव्हतं. वर फिनेलचा वास होता, पण मधूनच खळीचा आंबूस वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. खालून सूत आलं असेल, दुसरं काही नाही. मी स्वतःला तसं सांगितलं आणि तरी मागे वळून बघितलं.

डॉक्टर तेच होते. त्यांना मी आठवण्याचं कारण नव्हतं. त्यांची केबिन मागच्या बाजूला होती, तिथे आवाज कमी. त्यांनी माझे कागद चाळले, अनुभव नाही हे वाचून ओठ दाबले आणि म्हणाले, "बोलून काय कळणार? वॉर्डमध्ये चला."

वॉर्ड बरोबर गाळ्याच्या वर होता. खिडकीजवळची खाट तशीच होती, फक्त रंग नवा दिलेला. तिच्यावर एक लूम कामगार पडला होता, यूपीकडचा, पन्नाशीचा असेल. त्याला चक्कर येत होती. पायथ्याशी वयस्कर सिस्टर उभी होती. पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर, केस मेंदीने लाल. मी तिला चादरीच्या त्या दिवशी पाहिलं असणार, पण मला चेहरा आठवत नव्हता. आवाज ऐकला असता तर कदाचित ओळखला असता.

"यांचं बीपी घ्या," डॉक्टर म्हणाले.

मी पट्टा बांधला. त्या खाटेला माझं पोट टेकलं होतं आणि खाट थरथरत होती. पारा वर चढवला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि हवा सोडायला लागले. कानात नुसते लूम. खट-खट, खट-खट, जमिनीतून, खाटेतून, त्या माणसाच्या हाडातून येऊन माझ्या कानात आपटत होते. ठोका त्यात कुठेच नव्हता. पाऱ्याचं टोकही एका जागी ठरत नव्हतं. मी पुन्हा फुगवलं. पुन्हा तेच. मला घाम फुटला. अनुभव नसल्यामुळे असं होतंय, असंच मला वाटलं. परत एकदा घेतलं, डोळे मिटून.

सिस्टर माझ्या बाजूला आली. तिला दया आली असावी. तोंड कानाजवळ आणून, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "एकशेवीस-ऐंशी सांगून टाक, पोरी. इथे कुणालाच ऐकू येत नाही. सगळ्या तेच सांगतात."

आवाज मी ओळखला नाही. पण आकडा ओळखला.

तो आकडा मी इतकी वर्षं आईच्या तोंडून ऐकला होता, आणि आज तो ज्या तोंडातून निघाला होता त्याच तोंडातून मला परत मिळाला. त्या दिवशीही खाली लूम चालू असणार. दादांचा ठोका कुणीही ऐकला नव्हता. पट्टा बांधला, फुगवला, नळ्या लावल्या आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून एक आकडा दिला. आई तो घेऊन घरी गेली आणि गाणं म्हणत पेज करायला लागली.

मी खाटेवरच्या माणसाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. मला क्षणभर त्याचा चेहरा दिसेना, दुसराच दिसायला लागला.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

तो आकडा सांगितला असता तर नोकरी मिळाली असती. हे मला तेव्हाही स्पष्ट कळत होतं. आईचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर होते. पण मला तो आकडा उच्चारताच येईना.

"ऐकू येत नाही, सर," मी म्हणाले.

"म्हणजे? बाकी सगळ्यांना येतं."

"नाही येत. खाली लूम चालू आहेत. वरचा आकडा नाडीवर बोट ठेवून सांगता येईल. खालचा नाही."

कोर्समध्ये आम्हाला ते शिकवलं होतं. ऐकू आलं नाही तर मनगटाची नाडी धरायची, पट्टा फुगवायचा आणि हवा सोडताना नाडी परत बोटाला लागते तो आकडा धरायचा. मी तसं केलं. नाडी परत आली तेव्हा पारा एकशेनव्वदच्या आसपास थरथरत होता. मी आकडा सांगितला. डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सकाळच्या राउंडला तिने त्यांना काय सांगितलं होतं, हे मी विचारायची गरज नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती.

"खालचा?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता.

"लाइट गेल्यावर घेते. तोपर्यंत थांबते."

त्या दिवसांत भिवंडीत लोडशेडिंगचं वेळापत्रक लोकांना तोंडपाठ असायचं. दुपारची लाइट जायला अजून वेळ होता. डॉक्टर म्हणाले, "थांब मग," आणि त्या माणसाला गोळी द्यायला सांगून केबिनमध्ये गेले.

खाटेजवळ लोखंडी स्टूल होतं. आई त्या दिवशी बसली असेल तर यावरच. मी बसले. त्या माणसाने विचारलं, "हमको कुछ हुआ है क्या, सिस्टर?" मी म्हणाले, "देखते हैं. सोये रहो." त्याच्या अंगालाही सुताचा वास होता. त्याने डोळे मिटले आणि मग मला भीती वाटायला लागली. मी सारखी त्याच्या छातीकडे बघत होते, वरखाली होते की नाही. आता मी उठले, पाणी प्यायला जरी गेले, तरी परत येईन तेव्हा चादर वर ओढलेली असेल, असं मला पक्कं वाटत होतं. खालचे लूम एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी म्हणत होते. मी मान हलवली तरी ते म्हणायचं थांबवेनात. इतकी वर्षं आमच्या घरात ते वाक्य जिवंत होतं, आणि मी एकटीच आता त्याच्या आत काय आहे ते बघत होते. आत काहीच नव्हतं. दादा एकटे होते, एवढंच होतं.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली होती का? मी आठवायचा प्रयत्न केला. गेली असती तर, आणि कुणी तेवढा वेळ थांबलं असतं तर. कॉलेजातून मी कशी आले, पंखा चालू होता की बंद, काहीच आठवेना. आजही आठवत नाही.

मग लाइट गेली. आधी आमच्या खालचे लूम थांबले, मग समोरच्या गल्लीतले, मग त्यापलीकडचे. वॉर्डात इन्व्हर्टरवरची एक ट्यूब तेवढी लुकलुकत राहिली. अशी शांतता झाली की खाली रस्त्यावर कुणीतरी शिंकलं ते ऐकू आलं. मी पट्टा फुगवला, हवा सोडली, आणि ठोका आला. ठसठशीत, एकामागून एक. ते ऐकताना मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला राग आला, कारण रडताना ऐकू येत नाही. मी ओठ चावून शेवटचा ठोका जाईपर्यंत ऐकलं. एकशेनव्वद-एकशेदहा.

डॉक्टर धावत आले. त्याला इंजेक्शन दिलं, औषधं बदलली. तो माणूस काही दिवसांनी चालत घरी गेला. जाताना मला म्हणाला, "आप बहुत देर तक बैठी थीं." मला त्याचं आश्चर्य वाटलं, कारण मला वाटलं होतं तो झोपला होता.

केबिनमध्ये डॉक्टरांनी मला विचारलं, "भांडखोर आहेस का?"

"थोडी," मी म्हणाले. सोमवारपासून ये, असं ते म्हणाले.

घरी आईला नोकरी लागली एवढंच सांगितलं. ती उठली, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "ती सिस्टर हाय का गं अजून?"

"आहे."

"लाल केसांची?"

"हो."

तिने जवळा भाजला, मिरच्या, लसूण घालून चटणी केली, चांगली डबाभर. सोमवारी तो डबा माझ्या पिशवीत ठेवला. "तिला दे. येवढ्या गडबडीत ती माज्याशी प्रेमानं बोलली व्हती. माझं काळीज थाऱ्यावर आनलं तिनं." मी त्या डब्याकडे बघत राहिले. आता सांगावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलं. पण सांगितलं तर तिच्या हाती काय राहणार होतं? ती उठली कशासाठी, घरी आली कशासाठी, गुणगुणली कशासाठी? मी पिशवीची चेन लावली आणि निघाले.

सिस्टरने डबा उघडून बोटाने चटणी चाखली. "आई मला ओळखते?" तिने विचारलं.

"आमचे दादा इथे होते. खिडकीजवळच्या खाटेवर."

"कधी?"

मी सांगितलं. तिने आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला, आणि मान हलवली. "किती माणसं येतात गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताला चव आहे." तिच्या हातातला डबा हिसकावून घ्यावा, असं मला वाटलं. घेतला नाही. तिला बिचारीला घरचं माणूस समोर घाबरून उभं असलं की बघवत नसे, हे मला पुढे तिच्याबरोबर काम करताना कळलं. ती वाईट बाई नव्हती, आणि म्हणूनच तिच्यावर नीट रागावताही आलं नाही.

मी तिथे चार वर्षं काढली. चालता येणाऱ्या पेशंटला बीपीसाठी मागच्या पॅसेजमध्ये नेण्याची पद्धत मी पाडली. बाकीच्यांची नाडी धरायची आणि लाइट जाण्याची वाट बघायची. वॉर्डातल्या नातेवाइकांत माझं नाव खराब होतं. बायका माझ्याकडे यायच्या, हातात रिकामी पिशवी घेऊन. "सिस्टर, किती आहे? जरा घरी जाऊन येऊ का? डबा करून आणते." मी म्हणायचे, "आत्ता नका जाऊ. बसा त्यांच्याजवळ. मी डबा मागवते." त्या चिडायच्या, एकीने तर मला चांगलंच सुनावलं होतं. बहुतेकांचे पेशंट ठणठणीत होऊन घरी गेले. तरीही मी कुणाला उठू दिलं नाही.

आईचं गोडाऊन सुटलं. गुडघे काही बरे झाले नाहीत. एका सुट्टीच्या दिवशी तिला गरगरल्यासारखं वाटलं, म्हणून मी दवाखान्यातलं बीपीचं यंत्र घरी आणलं. टेमघरात आमच्या घरामागेही गाळे होतेच. मी लाइट जाईपर्यंत थांबले. लूम थांबले, तसा मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. ती शाळेतल्या मुलीसारखी सरळ बसली. तिचा ठोका मला स्वच्छ ऐकू आला.

"किती हाय?"

"दीडशे-नव्वद. जरा जास्त आहे. गोळी सुरू करावी लागेल."

तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. मग तिचा चेहरा सैल झाला.

"मंजे तुज्या दादांपेक्षा जास्त."

मी पट्ट्यातली हवा काढत होते.

"मंग त्यांचं चांगलंच व्हतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "छान होतं."